ताठा

सत्तावीस शरद मी ब्लोन्डुओसच्या कत्तलखान्यात काढले,
नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडं.
रबरी बूट, लोकरीचे मोजे, आकड्यांची रांग.
मांसाबद्दल मला कुणी शिकवू नये.

डोंगरावरून हाकत आणलेली मेंढी
आम्ही त्याच रात्री कापत नसू.
पाणी पिऊ द्यायचं, अंग टाकू द्यायचं, पहाट होऊ द्यायची.
धापा टाकत असताना कापली
तर बघता बघता तिचं लाकूड होतं,
मांस काळपट पडतं, सुरीला चिकटतं.
हे मला ठाऊक होतं. का, ते नव्हतं.

ते ब्रिन्यानं सांगितलं, आमच्या पशुवैद्य पोरीनं,
कॉफीच्या सुट्टीत, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून:
"स्नायूत असे धागे असतात, हाल्दोरा.
एकाचे हुक दुसऱ्याला धरतात, ओढतात, सोडतात,
पुन्हा पुढचं धरतात.
आपल्याला वाटतं, ताकद लागते ती धरायला.
पण दर वेळी सोडताना एक नाणं मोजावं लागतं.
एटीपी म्हणतात त्याला. पेशी ते सतत पाडत असते.
टांकसाळ बंद पडली
की जो हुक जिथं अडकला तिथंच राहतो.
तो ताठा जोराचा नसतो गं. कंगालाचा असतो."
बोटं तशीच ठेवून तिनं कप उचलायचा प्रयत्न केला,
कॉफी सांडली, आम्ही हसलो.

ह्याल्टी गेला त्या सप्टेंबरात बर्फ लवकर आलं.
तीन मेंढ्या कमी होत्या.
सत्तरीचा माणूस, दिवसभर त्यांच्यामागं धावला असणार.
सापडला तो केटिलला, भावाला,
ज्याच्याशी कुंपणाच्या एका खांबावरून
अकरा वर्षं अबोला होता.
दोरीचे दोन वेढे मनगटाला, पुढचा भाग मुठीत,
आणि दुसऱ्या टोकाला मेंढी.
जिवंत. उभी.

केटिलनं दोरी कापली. मूठ उघडली नाही.

नर्स म्हणाली, दाबून मोडता येतो ताठा,
हात छातीवर नीट बसेल.
मी म्हटलं, नको.
टांगलेल्या मांसाला कुणी घाई करत नाही.
चर्चमागच्या थंड खोलीत खुर्ची टाकून बसले.
थंडीत तो जास्त दिवस टिकतो, तेही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी केटिल दाराशी आला, टोपी हातात.
"आत ये" म्हणायला मला दोनदा श्वास घ्यावा लागला.
आणि तेव्हा लक्षात आलं.
ताठ कण्याचा माणूस, असं सारं खोरं म्हणायचं ह्याल्टीला.
मीही जिद्द म्हणायची.
संध्याकाळी घरी यायचा तेव्हा
बूट काढायचीही ताकद उरलेली नसायची,
मी ओढून काढायची, एक पाय भिंतीला लावून.
भावाला सोडून द्यायला लागतं ते नाणं
त्यानं कुठून आणायचं होतं?
मी तरी कधी दिलं?

चौथ्या दिवशी आधी जबडा, मग मान, मग बोटं.
माया आली म्हणून नव्हे.
टांकसाळ काही पुन्हा सुरू होत नाही, ब्रिन्या म्हणाली होती,
धागेच विरायला लागतात,
धरणारे आणि धरलेले, दोन्ही.
असो. मी दोरी काढून घेतली.
तळव्यावर तिचा पीळ उमटला होता.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
जातो. चार दिवस लागतात.

कापल्यामुळं दोरी आखूड झाली होती,
फाटकाला पुरली नाही. बादलीला पुरली.
पहाटे गोठ्यापर्यंत नेते, खाली ठेवते,
मग थांबते थोडी,
माझी बोटं एकेक करून उघडेपर्यंत.